मुहूर्ताचं छत

आईचा फोन आला तेव्हा मी दादाशी भांडत होते. त्यात विशेष काही नाही. ढोमणे पॉलिमरच्या कारखान्यात सकाळी मशीन सुरू होतात आणि त्यांच्याबरोबर आम्ही दोघं. जयवंतदादा मालक आणि उत्पादनाचा प्रमुख, मी तपासणी प्रयोगशाळेची प्रमुख. त्याला माल बाहेर पाठवायची घाई, मला तो अडवून धरायची खोड.

"शलाके, इथला पंखा खाली येऊन राह्यला," आई म्हणाली.

"खाली म्हणजे?"

"खाली म्हणजे खाली. काल होता त्याच्यापेक्षा खाली. खाटेवर पडल्या पडल्या दुसरं काय दिसते मले?"

फोन स्पीकरवर होता. दादा हसला. "आई, चष्म्याचा नंबर वाढला तुझा."

"चष्मा घरी कपाटात हाये. बिनचष्म्याचं दिसून राह्यलं, म्हणून तर सांगतो!" आईने फोन आपटला.

दादा हसत चहा प्यायला लागला. मला मात्र हसू येईना. आई कुरकुरी आहे, हट्टी आहे, पण नसलेलं बघणारी नाही. आणि ती गारवाघराच्या ज्या छताखाली आडवी झाली होती ते छत आमच्या कारखान्याचं होतं.

दुपारबंदीचा कायदा येऊन आता चौथा उन्हाळा. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत बारा ते पाच कुणी उघड्यावर फिरायचं नाही, कामं बंद, शाळा बंद. ज्यांच्या घरावर टिनांचं छप्पर आहे त्यांनी घरातही थांबायचं नाही, कारण टिनाखाली माणूस शिजतो. म्हणून गावोगावी गारवाघरं झाली. एक मोठं दालन, मधे खांब नाही, वरून एकसंध कमानदार छत. त्या छताच्या पाठीवर सूर्यऊर्जेच्या काळ्या पट्ट्या, पोटाला टांगलेले पंखे आणि कूलर. गाव दहा-अकराला येतं, डबे आणतं, पत्ते कुटतं, घोरतं आणि पाचला घरी जातं. त्याआधीच्या उन्हाळ्यात आमच्या गावात, बोरखडीत, आठवड्यात चार प्रेतं उठली होती. गारवाघर झाल्यापासून एकही नाही.

ही छतं नायलॉनच्या पत्र्याची. साधं नायलॉन अशा कामाला फालतू. ओझं टांगून पासष्ट अंशांपर्यंत तापवलं की ते वाकायला लागतं, आणि काळ्या पट्ट्यांखाली मे महिन्यात पत्रा ऐंशीला जातो. आमचा पत्रा दीडशेपर्यंत हलत नाही, कारण त्यात माती असते. हसू नका, मातीच. एका खास चिकणमातीचे कण म्हणजे एकावर एक रचलेल्या चकत्यांच्या चवडी असतात, आणि एकेक चकती इतकी पातळ की हजारो रचल्या तरी त्यांची जाडी केसाएवढी होत नाही. ही माती शुद्ध पाण्यात भिजवली की पाणी चकत्यांच्या मधे शिरतं आणि चवड सुटी होते. ते पाणी आम्ही वितळलेल्या नायलॉनमध्ये सोडतो. पाणी वाफ होऊन उडून जातं, चकत्या सुट्या सुट्या पसरून राहतात. मग नायलॉनच्या लांबलचक साखळ्यांना गरमीत सरपटायला जागाच उरत नाही. शंभर किलोत माती जेमतेम पाच किलो, पण सगळा ताठा तिचा.

अट एकच. चकत्या सुट्या हव्यात. साबुदाणा नीट भिजला तर खिचडी मोकळी होते, नाही तर गोळा होतो. साबुदाणा तोच, तेवढाच. पण खाणाऱ्याला फरक कळतोच.

मी उठले. "बोरखडीचा तुकडा तपासते."

"अगं, पास झालेला माल आहे तो! तुझ्याच सहीने!"

"माझ्या सहीचं मी बघते. तू चहा पी."

प्रत्येक घाण्यातला एक तुकडा आम्ही जपून ठेवतो. बोरखडीचा काढला, थोडा जाळून राख मोजली. माती बरोबर पाच टक्के. थंड असताना ताणून पाहिला, मजबूत. ऑक्टोबरात आम्ही याच दोन तपासण्या केल्या होत्या. गरम तेलातली तपासणी महिन्यातून एकदा करायची असा आमचा नियम, आणि हा घाणा त्या दोन तारखांच्या मधे निघून गेला होता. आता मी तुकडा आडवा बसवला, मधोमध वजन ठेवलं, तेल तापवायला लागले.

दादा मागे येऊन उभा राहिला. त्याला यायचं नव्हतं, पण तो आला.

साठपर्यंत काटा गप्प. पासष्टलाही गप्प. दादाने सुस्कारा सोडला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "झालं समाधान?"

सत्तरच्या पुढे काटा हलला. मग थांबेचना. पंचाहत्तरला तुकडा असा वाकला की वजन घसरून तेलात पडलं.

"मशीन बिघडलंय," दादा म्हणाला.

मी शेजारी दुसऱ्या गावाचा तुकडा लावला. तो शंभरच्या वर जाऊनही जागचा हलला नाही. मी बोरखडीच्या तुकड्याची पातळ कात्रण मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली घातली आणि पडदा त्याच्याकडे वळवला. जिथे सुट्या रेघा दिसायला हव्या होत्या तिथे काळे गठ्ठे होते. माती होती, पुरेपूर होती, पण चवडीच्या चवडी तशाच एकमेकींना चिकटून बसल्या होत्या.

"हे कसं झालं?" मी विचारलं. "माती तीच, नायलॉन तेच. पाणी कुठलं घेतलं होतं?"

"पाणी शुद्धच असतं आपलं."

"दादा, हा दसऱ्याच्या मुहूर्ताचा घाणा आहे. पाणी कुठलं होतं?"

तो खुर्चीवर बसला. मग हळूहळू एकेक बाहेर आलं. खंडेनवमीला सगळी मशीन धुतली. माती भिजवायची टाकी लख्ख केली. पूजा मांडायची वेळ झाली तेव्हा टाकी रिकामी होती, आणि रिकाम्या भांड्याची पूजा करायची नाही ही आमच्या आजोबांपासूनची रीत. पाणी शुद्ध करणारं यंत्र सुट्टीसाठी बंद. म्हणून दादाने बोअरचा पाइप लावला आणि टाकी काठोकाठ भरली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. दुसऱ्या दिवशी दसऱ्याचा मुहूर्त.

"आणि ते पाणी सोडून दिलं नाहीस?"

"पुजलेलं पाणी गटारात सोडू? तूच सांग, सोडलं असतंस?" त्याचा आवाज चढला. "म्हटलं, पाणी शेवटी उडूनच जातं. माल राहतो तो मातीचा आणि नायलॉनचा. काय बिघडणार होतं?"

पाणी उडून जातं हे खरं. पाण्यातलं कॅल्शियम उडून जात नाही. आमच्या बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही आणि बादलीला महिन्याभरात पांढरं पुट चढतं, ते त्यापायीच. दोन चकत्यांच्या मधे सोडियम असतं, ते त्यांना एकमेकींपासून सुटू देतं. कॅल्शियम आलं की सोडियमला हुसकून लावतं आणि दोन्ही चकत्या धरून ठेवतं. टाकीभर माती त्या पाण्यात आतल्या आत गोळा होऊन बसली, आणि वरून बघणाऱ्याला नेहमीसारखंच गढूळ पाणी दिसलं.

आणि पहिला घाणा, मुहूर्ताचा माल, नेहमी आपल्या माणसांना द्यायचा. हीही आमची रीत. म्हणून बाकीच्या गावांना चांगलं छत गेलं आणि आमच्या आईच्या डोक्यावर हे. थंडीत जुनं काढून हे चढवलं, एप्रिल यंदा ढगाळ गेला, आणि आता मे.

"बाहेर किती आहे?" मी विचारलं.

"एकोणपन्नास." दादाने फोन न बघताच सांगितलं. विदर्भात हल्ली हे सगळ्यांना तोंडपाठ असतं.

मी फोन उचलला. त्याने माझं मनगट धरलं.

"थांब. आधी विचार कर. शंभरावर माणसं आहेत आत, निम्मी म्हातारी. त्यांना आत्ता बाहेर काढायचं म्हणतेस? जायचं कुठे त्यांनी?"

"महामार्गाखालच्या बोगद्यात. काँक्रीट आहे, सावली आहे, वारा आहे."

"तिथवर चालत? ह्या उन्हात?" तो माझ्यासमोर आला. "नायलॉन आहे ते, काच नाही. एकदम तुटत नाही. हळूहळू वाकतं. पाचला सगळे घरी जातील, ऊन उतरलं की पत्रा परत कडक होईल. उद्या सकाळी आपण जाऊ, दुरुस्ती म्हणून कुलूप लावू. कुणाला कळणार नाही."

"कूलर मधोमध टांगलेत. ते ओझं खेचतंय."

"पडणारच आहे म्हणतेस? खात्री आहे तुझी?"

मला खोटं बोलता आलं असतं. "नाही," मी म्हटलं. "कितीला मऊ होतं ते सांगता येतं. कधी पडेल ते नाही सांगता येत. आज, उद्या, कदाचित कधीच नाही."

"मग? खात्री नसताना म्हाताऱ्यांना भट्टीत लोटायचं?"

"छतावर पाणी मारता आलं असतं तर..." मी म्हटलं आणि गप्प झाले. मे महिन्यात बोरखडीला प्यायला टँकर येतो.

खरं सांगते, त्याचं म्हणणं मला खोडता येत नव्हतं. त्याच्या मनात कारखान्याचं नाव होतं, पण तेवढंच नव्हतं. आणि माझ्या मनात आईची खाट होती, पण तेवढीच नव्हती. मी प्रफुलला फोन लावला.

प्रफुल टेकाडे गारवाघर सांभाळतो. माझ्याबरोबर शाळेत होता. मी सांगितलं ते त्याने ऐकून घेतलं.

"शलाका, कूलर खाली आलेत हे मीही पाह्यलं," तो म्हणाला. "पण मी सांगून कोणी उठणार नाही. हे छत जयवंतभाऊंनी गावाला दिलं. भाऊ म्हणत असतील तर उठवतो. माझे बाबाही इथंच आहेत, त्यांना चालवत नाही फार."

मी फोन दादापुढे धरला. तो भिंतीकडे बघत राहिला.

"आईला दे," मी प्रफुलला म्हटलं.

आईचा आवाज आला. मागे पत्ते पिसल्याचा आणि कुणाच्या तरी हसण्याचा आवाज. "काय झालं वो?"

"आई, छत खराब आहे. सगळ्यांना बाहेर काढायला हवं."

"माह्या सांगण्यानं कोण उठते? सकाळपासून हासून राह्यले मले. जयवंता हाये का तिथं?"

"आहे."

"जयवंता," आई म्हणाली, "मी मधातच बसली आहो, पंख्याखाली. आता तूच सांग बाप्पा. बसू का उठू?"

दादाच्या कपाळावर घाम आला होता, आणि माझी प्रयोगशाळा थंड असते. मला वाटलं हा आता म्हणेल, बस, काही होत नाही. मी त्याला तिथल्या तिथे मारलं असतं.

"ऊठ, आई," तो म्हणाला.

"मग हेच सगळ्याईले सांग."

प्रफुलने फोन माइकला लावला. आम्हाला इथे त्या दालनातला घुमारा ऐकू आला. दादा उभा राहिला, जणू लोक समोरच बसले होते.

"मी जयवंत ढोमणे बोलतोय. तुमच्या डोक्यावरचा पत्रा माझा आहे. तो खराब निघाला. चूक माझी आहे. पत्ते टाका, डबे टाका, भिंतीच्या कडेकडेने बाहेर पडा. बोगद्यात जा. ज्यांना चालवत नाही त्यांना ट्रॅक्टरवर घ्या. डोक्यावर ओलं कापड घ्या. मी येतोय." त्याचा आवाज फाटला. "हात जोडतो तुमच्यापुढे, उठा."

आम्ही दुपारबंदी मोडून निघालो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दादा गाडी चालवत होता. वाटेत गावाकडून फोन येत होते. निघाले. बायका पुढे गेल्या. एक ट्रॅक्टर सुरूच होत नाही. दुसरा आला. शेवटची माणसं बाहेर पडली. मग बराच वेळ फोन आला नाही.

आम्ही आधी बोगद्यापाशी थांबलो. गाव तिथे भिंतीला टेकून बसलं होतं, तोंडावर ओले दुपट्टे घेऊन. आई दिसली. तिच्या मांडीवर कुणाचं तरी डोकं होतं आणि ती तांब्यातलं पाणी त्याच्या कपाळावर शिंपडत होती. शेजारी प्रफुल उकिडवा बसला होता.

ते वामनकाका होते, प्रफुलचे वडील. ट्रॅक्टर सुरू होत नव्हता तेव्हा ते थांबायला तयार झाले नाहीत. म्हणाले, मी हळूहळू चालतो, ट्रॉलीत म्हाताऱ्या बायकांना बसू द्या. अर्ध्या वाटेत पडले. लोकांनी उचलून आणलं तेव्हा अंग तव्यासारखं तापलेलं होतं. रुग्णवाहिका आमच्यानंतर आली. डॉक्टरने नाडी पाहिली आणि मान हलवली.

दादा खाली बसला. त्याने वामनकाकांचे पाय धरले आणि तो तसाच बसून राहिला. प्रफुलने त्याच्याकडे पाहिलं.

पाच वाजून गेल्यावर आम्ही गारवाघराकडे गेलो. छत जागेवर होतं. मधे खोलगट झालं होतं, पंखे डोक्याला लागतील इतके खाली आले होते, पण छत होतं. ऊन उतरलं होतं आणि पत्रा त्या वाकड्या आकारातच पुन्हा कडक झाला होता. कुणीतरी भिंतीजवळून बांबू लावून ठोकलं. टणक आवाज आला.

"हे तर शाबूत हाये," मागून कुणीतरी म्हणालं. "मग आमाले काहून काढलं?"

दादाने दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत वामनकाकांना अग्नी दिला. गारवाघराला कुलूप होतं. गावाने दुपार बोगद्यात काढायची असं ठरलं. पण बरीच माणसं गेलीच नाहीत. गारवाघरासमोर रस्त्यापलीकडे कडुनिंबाची रांग आहे, तिथे ओली कापडं पांघरून उभी राहिली. मी होते, दादा होता, आई होती. प्रफुलही स्मशानातून तसाच आला आणि आमच्यापासून जरा लांब उभा राहिला.

आम्ही सगळे कशाची वाट बघत होतो ते कुणी बोलत नव्हतं. मी सांगते. ते छत पडावं म्हणून मी मनातल्या मनात देवाचा धावा करत होते. मी आयुष्यभर पत्रा वाकू नये म्हणून राबले, आणि त्या दुपारी म्हणत होते, पड रे बाबा, एकदाचा पड. नाही पडला तर आम्ही एका माणसाला फुकट मारलं.

सूर्य डोक्यावरून कलला. झळांनी हवा हलत होती, नजर ठरत नव्हती. आणि छताचा मधला भाग खाली गेला.

धाडकन वगैरे काही झालं नाही. तो वाकत वाकत खाली आला, कूलर आधी टेकले, त्यांच्या ओझ्याने कडा भिंतीतून उपटल्या, आणि मग अख्खी कमान आत गेली. खिडक्यांतून धुळीचा लोट बाहेर आला. बायकांनी किंकाळी फोडली. मग सगळीकडे एकच गलका. लोक दादाकडे धावले. कुणी त्याचे हात धरले, कुणी पाया पडायला वाकलं. "भाऊ, तुमच्यामुळे वाचलो! काल तुम्ही बोलला नसता तर..."

"सोडा मला!" दादा ओरडला. "टाकीत पाणी मीच भरलं होतं. मी कुणाला वाचवलं नाही."

त्यांनी ऐकलं नाही. त्यांना त्या घटकेला आपण वाचलो एवढंच मानायचं होतं, आणि कुणाला तरी धन्यवाद द्यायचे होते.

प्रफुल माझ्याजवळ आला. त्याचे डोळे सुजले होते. तो हळूच म्हणाला, "शलाका, हे आज पडलं. काल नाही पडलं."

"हो."

"काल पाचपर्यंत आम्ही आतच बसून राह्यलो असतो, अन् आज सकाळी कुलूप लावलं असतं. तर?"

दादाने ऐकलं. तो गर्दीतून माझ्याकडे बघत होता, आणि त्याची नजर मला विनवत होती, की आता नको, ह्याला नको. म्हणता आलं असतं की माणसांच्या वर्दळीने कालच पडलं असतं, की नशीब, की देवाची इच्छा.

"तर काका वाचले असते," मी म्हटलं. "मला काल ते कळायला मार्ग नव्हता. आज विचारशील तर, हो, वाचले असते."

प्रफुल माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं थोबाडीत देईल, आणि मी ती घेतली असती. त्याने डोळे पुसले.

"खरं सांगितलंस ते बरं केलंस," तो म्हणाला. "सगळे सकाळपासून काहीबाही सांगून राह्यले मला."

ऊन उतरल्यावर पत्रा निवला आणि आत जाता आलं. मधल्या खाटांचा चेंदामेंदा झाला होता. भिंतीकडेची वामनकाकांची खाट तेवढी धड होती, फक्त पत्र्याच्या कडेखाली अडकली होती. प्रफुल एकटाच ती ओढायला लागला. गावातले दोघे-तिघे मदतीला धावले, त्याने त्यांना हाताने थांबवलं. दादा दारातच उभा होता, आत यायचं धाडस त्याला होत नव्हतं.

"जयवंतभाऊ," प्रफुल वर न बघता म्हणाला, "तिकडून धरा."

दादा गेला आणि त्याने खाटेचं दुसरं टोक उचललं.